काडीमोडीचे दफ्तर



इतिहास म्हटला म्हणजे आपल्यासमोर किल्ले उभे राहतात, तहनामे येतात. त्या मानाने आज मी निवडलेला विषय फारच घरगुती वाटेल. नवराबायको वेगळी झाली, तर त्याचा पुरावा कोठे सापडतो, एवढाच माझा प्रश्न आहे. हा प्रश्न मला ग्रंथालयात सुचला नाही. हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्याच्या गोरेगाव या गावच्या एका आजींनी तो माझ्यापुढे ठेवला.

२०२३ च्या सप्टेंबरात शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. त्या दिवसांत तहसिलीच्या अभिलेख कक्षांतून वर्षानुवर्षे न सुटलेली बासने सुटली. खासरापत्रे, पाहणीपत्रे, शाळांची दाखलखारिज रजिस्टरे, गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदी, १९५१ ची राष्ट्रीय नोंदवही, असे सारे बाहेर आले. मोडी वाचणारे आणि उर्दू वाचणारे यांना अकस्मात भाव आला. मलाही मोडी थोडीफार येते, म्हणून चार लोक माझ्याकडे येत. त्यांतच एक तरुण आपल्या आजीला घेऊन आला. त्यांना जातीची नोंद नको होती. आजी म्हणाल्या, "दादा, समद्यांचं कागद निघायलेत म्हणं. मग माझ्या काडीमोडीचाबी निघंल का?"

हकीकत साधी होती. आजींचे पहिले लग्न लहानपणी झाले. नवरा मारहाण करी. पुढे पंच बसले, काडी मोडली, अंगावरचे दागिने परत गेले आणि आजी माहेरी आल्या. दोनतीन वर्षांनी त्यांचा पाट लागला. या दुसऱ्या घरी पन्नासावर वर्षे संसार झाला. नवरा वारला तेव्हा सवतीच्या मुलांनी जमिनीच्या वाटपात हरकत घेतली, की या बाईचे पहिले लग्न कायद्याने कधी मोडलेच नव्हते. तेव्हा ही आमच्या बापाची बायको नव्हे आणि हिला हिस्सा नाही. वकिलांनी आजींना विचारले, "पहिल्या नवऱ्यापासून घटस्फोट झाल्याचा कागद कुठे आहे?"

या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी बराच मागे गेलो. आजची हकीकत ती आहे.

प्रथम शब्दच पाहू. 'घटस्फोट' हा शब्द आज आपण जितक्या सहजपणे वापरतो तितका तो या अर्थाने जुना नाही. धर्मशास्त्रात घट फोडणे हा पतिताला जिवंतपणीच मेला असे समजून जातीबाहेर टाकण्याचा विधी होता. पाण्याचा घडा लवंडावयाचा आणि त्या माणसाचे नाव संपले असे मानावयाचे. म्हणजे शब्द बहिष्काराचा, आणि तो आपण विवाहाला लावला! खेड्यातील माणसाने असे केले नाही. त्याचे शब्द काडीमोड, सोडचिठ्ठी आणि फारकत. यांतील फारकत तर हिशेबाच्या वहीतून आलेली. कर्ज फिटले, येणेदेणे उरले नाही, असे सावकार लिहून देई ती फारखती. नवराबायकोच्या बाबतीत तोच शब्द योजताना आपल्या पूर्वजांना त्यात काही विशेष वाटले नसावे. दोन घरांमधील एक व्यवहार संपला, भांडी, दागिने, लग्नाचा खर्च यांचा निकाल लागला, आता कोणाचे कोणाकडे काही नाही, असा त्याचा रोखठोक भाव आहे.

पांढरपेशा समाजात मात्र निराळाच समज रूढ होता. हिंदूंमध्ये घटस्फोट नाही, विवाह हा जन्मोजन्मीचा संस्कार आहे, असे आपण इतकी वर्षे ऐकत आलो की तेच खरे वाटू लागले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परस्परांच्या द्वेषामुळे होणाऱ्या विवाहविच्छेदाचा विचार आहे आणि त्याला त्याने चक्क 'मोक्ष' असे नाव दिले आहे. धर्म्य मानलेल्या चार विवाहांना मात्र ही वाट त्याने बंद ठेवली. परंतु शास्त्र बाजूला ठेवले तरी चालेल. इंग्रजी अंमल बसल्यावर एल्फिन्स्टनच्या काळात आर्थर स्टील या अधिकाऱ्याने दख्खनमधील जातीजातींचे रिवाज विचारून लिहून काढले. ते पुस्तक १८२७ साली छापले गेले. त्यात पाट आहे, सोडचिठ्ठी आहे, पंचांचा अधिकार आहे. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही जाती वगळल्या, तर उरलेल्या बहुसंख्य महाराष्ट्रात नवरा सोडता येत होता आणि दुसरे घर करता येत होते. पुढे हिंदू कोड बिलाच्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाच मुद्दा मांडला, की घटस्फोट नाही हा थोड्यांचा रिवाज आहे आणि आहे हा बहुसंख्य शूद्रांचा. मग थोड्यांचा नियम साऱ्यांवर कशासाठी लादावयाचा? त्या बिलाचे जे झाले त्यामुळे त्यांनी १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपद सोडले.

तर, काडीमोड होती. मग तिची नोंद का नाही?

याचे उत्तर सरकारी दफ्तर कशासाठी निर्माण होते यात आहे. सरकार लिहिते ते आपल्याला मिळणाऱ्या पैशासाठी. मराठेशाहीत पाटदाम नावाची एक बाब होती. दुसरेपणाचे लग्न लागले की त्यावर सरकारचा कर. त्यामुळे झाले असे, की बाई नवऱ्यापासून सुटली याची वही कोणी ठेवली नाही. पण ती दुसऱ्या घरी गेली की तिच्या नावाने चार पैसे हिशेबात जमा झाले. काडी मोडली तिचा मागमूस राहत नाही, पाट लागला त्याचा मात्र राहतो. म्हणून जुन्या कागदांत काडीमोड शोधणाऱ्याने काडीमोड या शब्दाखाली शोधू नये, पाटाखाली शोधावे, असे मी म्हणतो. पंचांचा दंड, जातीला घातलेले जेवण, परत केलेल्या दागिन्यांची पावती, अशा ठिकाणी ती सापडते. पाट बहुधा रात्री लागे, सवाष्णी तेथे फिरकत नसत. पण कर भरताना त्याची लाज कोणाला वाटली नाही, ही गंमत लक्षात घेण्यासारखी आहे.

इंग्रजी अंमलात या पंचांवर पहिला घाव पडला, आणि तो कायदेमंडळाने नव्हे तर न्यायालयाने घातला. १८६४ च्या करसन गोजा खटल्यात आणि पुन्हा १८७६ च्या संभू रघू खटल्यात मुंबईच्या उच्च न्यायालयाने असे ठरविले, की नवऱ्याची संमती नसता जातीने बाईला मोकळी केली आणि दुसरे लग्न लावण्याची परवानगी दिली, तर त्या परवानगीला कायद्यात किंमत नाही. म्हणजे पंचांपुढे उजळ माथ्याने पाट लावलेली स्त्री फौजदारी न्यायालयात द्विभार्या-द्विपती प्रतिबंधाच्या कलमाखाली आरोपी ठरू लागली. १८५६ च्या कायद्याने विधवेला पुनर्विवाहाची वाट मोकळी केली, आणि त्याच्या आठच वर्षांनी नवरा जिवंत असलेल्या बाईची जुनी वाट अरुंद झाली. सुधारणेच्या शतकाचे हे दुसरे अंग आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही. रखमाबाईंचा खटला आपल्याला ठाऊक असतो. १८८४ साली दादाजी भिकाजीने दावा लावला, १८८७ साली नवऱ्याकडे नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असा हुकूम झाला, आणि १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पण रखमाबाई सुतार समाजातील होत्या, त्यांच्या आईने विधवा झाल्यावर डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता आणि त्यांच्या जातीला ते नवे नव्हते, हे कितीजणांच्या ध्यानात असते?

आता आपल्या गोरेगावकडे येऊ. वर सांगितलेले सारे इंग्रजी मुलखातले. गोरेगाव निजामाच्या राज्यात होते. हिंगोलीला कंटिन्जंट फौजेची छावणी होती, तिच्या खुणा आजही गावात आहेत. पण मुलूख आसफजाही होता आणि जिल्हा परभणी. तेथून उत्तरेला हद्द ओलांडली की वऱ्हाड लागते, आणि वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे गेलेला. तेव्हा कल्पना करा : हद्दीअलीकडल्या गावची मुलगी रिसोड-वाशीमकडे दिली तर ती एका कायद्यातून दुसऱ्या कायद्यात जाई, आणि भांडून माहेरी आली तर पुन्हा पहिल्यात! शोध घेणाऱ्यालाही त्यामुळे दोन दिशांना जावे लागते. इकडचे कागद परभणी, छत्रपती संभाजीनगरचे पुराभिलेखागार आणि थेट हैदराबाद. तिकडचे वाशीम, अकोला, नागपूर. शिवाय भाषेचा घोटाळा निराळाच. हैदराबादच्या कारभारात १८८४ पासून फारसीची जागा उर्दूने घेतली. गावचा कुलकर्णी मोडीत लिही, अदालत उर्दूत लिही, आणि ज्या बाईबद्दल हे लिहिले जाई तिला दोन्ही येत नसे.

मुसलमान कुटुंबांची गोष्ट या बाबतीत थोडी बरी होती, कारण काझी हा नेमलेला माणूस होता, त्याचे दफ्तर असे. निकाह तेथे लिहिला जाई, तलाकनामाही कधीकधी मिळे. १९३९ च्या कायद्याने ब्रिटिश मुलखातील मुसलमान स्त्रीला स्वतः न्यायालयात जाऊन विवाह मोडून मागण्याची कारणे स्पष्ट करून दिली. तोंडी तिहेरी तलाकचा निकाल पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने लावला आणि २०१९ साली त्याविरुद्ध कायदा झाला. तो आजचा विषय नाही.

हिंदूंसाठी लेखी कायद्याने घटस्फोट दिला तो बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी, १९३१ साली. मुंबई इलाख्यात तो १९४७ साली आला. गोरेगावला यांपैकी काहीच लागू नव्हते. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामी संपली, तरी हा भाग हैदराबाद राज्यातच राहिला. आणि म्हणून एक मौज अशी झाली, की १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला तेव्हा गोरेगाव अजून हैदराबादेत होते. मुंबई राज्यात ते आले १ नोव्हेंबर १९५६ ला, महाराष्ट्रात १ मे १९६० ला, आणि हिंगोली जिल्ह्यात १ मे १९९९ ला. गाव जागचे हलले नाही. जुना कागद शोधणाऱ्याला मात्र या तारखा पाठ असाव्या लागतात, कारण कागद गावाच्या नव्हे तर त्या त्या वेळच्या जिल्ह्याच्या मागे जातात.

या १९५५ च्या कायद्याने खेड्याला घटस्फोट दिला असे म्हणण्याचा प्रघात आहे. ते अर्धेच खरे आहे. मूळ कायद्यात मारहाण, छळ आणि दोन वर्षे टाकून जाणे ही कारणे घटस्फोटाची नव्हतीच. ती होती न्यायिक फारकतीची, म्हणजे विवाह कायम ठेवून वेगळे राहण्याची. तो हुकूम मिळवावयाचा, त्यानंतर दोन वर्षे थांबावयाचे, मग घटस्फोट मागावयाचा. छळ आणि परित्याग ही सरळ घटस्फोटाची कारणे झाली ती १९७६ च्या दुरुस्तीने, आणि परस्परसंमतीचा घटस्फोटही त्याच वर्षी आला. आमच्या आजींना मारहाणीवरून पंचांनी एका दुपारीत जे दिले, ते द्यायला कायद्याला आणखी काही वर्षे लागली. मी पंचांची तरफदारी करीत नाही. याच पंचांनी कित्येक बायकांना दंड केले, वाळीत टाकले, आणि त्या जाचासाठी २०१६ साली महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. पण जे होते ते होते असे म्हटले पाहिजे.

कायदा करणारांना हे ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी कलम २९ मध्ये एक पोटकलम ठेवले, की रूढीने मिळणारा विच्छेदाचा हक्क या कायद्याने बाधित होत नाही. तेव्हा काडीमोड आजही बेकायदा नाही! फक्त ज्याला ती सांगावयाची त्याने आपल्या जातीत तशी रूढी आहे, ती जुनी आहे, अखंड आहे आणि वाजवी आहे, हे सिद्ध करावयाचे. २००२ साली यमनाजी जाधव यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावले, की रूढी हा सर्वसाधारण कायद्याला अपवाद आहे, तो कैफियतीत मांडला पाहिजे आणि पुराव्याने शाबीत केला पाहिजे. नुसता लेख दाखवून भागत नाही. खेड्यापाड्यांतून शंभराच्या मुद्रांकावर सोडचिठ्ठी लिहून, नोटरीचा शिक्का मारून, दोघेही मोकळे झालो असे समजणारे हजारो लोक आहेत. त्यांतील बहुतेकांना आपला कागद कच्चा आहे हे निवृत्तिवेतन किंवा जमीन समोर आल्यावरच कळते. आणि ते कळते तेव्हा झळ बहुधा दुसऱ्या संसारातील बाईला बसते. मुलांना कायद्याने सांभाळले आहे. विवाह रद्दबातल ठरला तरी मुले औरस राहतात, आणि आईबापांच्या हिश्श्यात त्यांचा वाटा आहे हे १ सप्टेंबर २०२३ च्या निकालाने आणखी स्पष्ट झाले. बाईला तसे कवच नाही.

आज कोणाला रीतसर घटस्फोट घ्यावयाचा असेल तर वाट काय, हेही येथेच सांगून टाकतो, कारण व्याख्यानानंतर तेच विचारले जाते. शहरात कुटुंब न्यायालय असते. जेथे ते नाही तेथे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्याकडे अर्ज होतो. लग्न जेथे लागले, दोघे शेवटी जेथे एकत्र राहिले, किंवा समोरचा पक्ष जेथे राहतो तेथे तो करता येतो; आणि २००३ पासून अर्जदार पत्नी असेल तर ती राहते तेथेही. ही शेवटची सोय लहान दिसते, पण माहेरी परतलेल्या बाईला सासरच्या तालुक्याला तारखा करीत एसटीने फिरावे लागत नाही, हे तिचे मोल आहे. साधारणपणे लग्नाला एक वर्ष झालेले असावे लागते. संमतीचा अर्ज असेल तर एक वर्ष वेगळे राहिलेले असले पाहिजे, आणि नंतर सहा महिने थांबावे लागते. ते सहा महिने माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे असे २०१७ साली ठरले. स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा समितीकडून फुकट वकील मिळतो. हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पण हुकूमनामा झाल्यावर तो कोणत्या वहीत चढतो? जन्माची वही आहे, मृत्यूची आहे, विवाहाचीही ग्रामपंचायतीत आहे. घटस्फोटाची नाही. गोव्यात पोर्तुगीज कायद्यापासून विवाहाच्या नोंदीच्या समासातच विच्छेद लिहिण्याची पद्धत आहे. आपल्याकडे विवाहाची नोंद तशीच राहते आणि घटस्फोट न्यायालयाच्या अभिलेखात पडून असतो. त्यातही ही प्रकरणे बंद दाराआड चालतात आणि त्यांतील मजकूर छापण्यास मनाई आहे. ते योग्यच आहे. मात्र पक्षकाराने स्वतः प्रकरणाचा क्रमांक व वर्ष सांगून साक्षांकित नक्कल वेळीच काढून ठेवावी. निकालपत्र व हुकूमनामा पुष्कळ काळ जपला जातो, बाकीचे कागद मुदतीनंतर नष्ट होतात.

आणि जिचे ना काडीमोड झाले ना हुकूमनामा, ती? तिला आपली भाषा 'टाकलेली' म्हणते. २० मार्च १९८८ रोजी संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरविली, तोपर्यंत या बायका कोणाच्याच मोजणीत नव्हत्या. जनगणनेतही 'घटस्फोटित वा विभक्त' असा एकच रकाना होता. २०११ ला तो वेगळा केला तेव्हा देशात घटस्फोटित सुमारे १३.६ लाख आणि विभक्त सुमारे ३५ लाख निघाले. दफ्तराबाहेरचा घटस्फोट दफ्तरातल्यापेक्षा अडीचपट मोठा आहे, हे त्या एका रकान्याने दाखविले. संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जात आता घटस्फोटित बाईइतकीच घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेली बाईही येते. उद्याच्या संशोधकाला या तहसिलीतल्या अर्जांच्या गठ्ठ्यांतून, पाटदामाच्या हिशेबातून मिळावा तसा, आजच्या खेड्याचा इतिहास मिळेल.

आजींच्या कागदाचे काय झाले, हे आपण विचारणार. काडीमोडीचा कागद निघाला नाही. तो कधी लिहिलाच गेला नव्हता. मात्र नातवाने घरातला माळा उपसला, तेव्हा आजींच्या वडिलांची एक खतावणी सापडली. बियाणे, सालगड्याचे पैसे, तेलमीठ यांच्यामध्ये एका पानावर लिहिले होते : पंचांस पान-सुपारी, जातीस जेवण, अमुक रुपये, आणि दोन वर्षांनंतरच्या पानावर पाटाचा खर्च, पाहुण्यांच्या गावासकट. त्याच जातीतील दुसऱ्या एका जुन्या प्रकरणात न्यायालयाने काडीमोडीची रूढी मान्य केल्याचा निकाल वकिलांनी मिळविला आहे. पंचांपैकी एक गृहस्थ हयात आहेत. कानाने कमी ऐकतात, पण काडी कोणी आणली होती तेही सांगतात. दोन्ही पाने न्यायालयात दाखल झाली आहेत. त्या गृहस्थांच्या साक्षीची तारीख पावसाळ्यानंतरची पडली आहे.